अमली पदार्थांच्या ‘कारखान्याची’ केस: बेलचा अर्ज करण्याआधी पोलिसांचे कागद कसे वाचावेत

‘अमली पदार्थांचा कारखाना उद्ध्वस्त, कोट्यवधींचा माल जप्त’ असा मथळा पेपरात आला की घरच्यांचा धीर तिथंच सुटतो. शेजारीपाजारी ‘आता काही बेल होत नाही’ असं सांगून आणखी खचवतात. कोर्टात त्या मथळ्याला किंमत नाही आणि मालाच्या बाजारभावालाही नाही. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा रुपयांत बोलतच नाही, ग्रॅममध्ये बोलतो. पदार्थ कोणता, वजन किती, आणि तो या माणसाच्या ताब्यात होता हे कोणत्या कागदावरून दिसतं, एवढ्यावर बेलचा सगळा वाद चालतो.

ज्यांच्या घरात अशी अटक झाली आहे आणि ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच महजर, म्हणजे पंचनामा, हातात घेतला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. फौजदारी कामाला नव्यानं लागलेल्या ज्युनिअर वकिलांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

आधी बघा, केस कुठल्या राज्यात आहे

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर हा प्रश्न पहिला येतो आणि लोक तोच विसरतात. माणूस निपाणीचा, शेड चंदगडात, गाडी कोगनोळी नाक्यावर अडवलेली, असं होऊ शकतं. माणूस कुठला यावर कोर्ट ठरत नाही. गुन्हा कोणत्या ठाण्यात नोंद झाला ते एफआयआरच्या पहिल्या पानावर पाहा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी इथला गुन्हा असेल तर अर्ज बेळगाव जिल्ह्यातल्या एनडीपीएसच्या विशेष न्यायालयात होतो आणि तिथं नाही म्हटलं तर पुढे धारवाड खंडपीठात. कारवार, हल्याळ, जोयडाची प्रकरणंही धारवाडलाच जातात. बिदरची मात्र कलबुर्गीला. गुन्हा कोल्हापूर किंवा सांगली जिल्ह्यातला असेल तर वरचं कोर्ट मुंबई उच्च न्यायालय, आणि ऑगस्ट २०२५ पासून त्याचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. चोर्ल्याच्या पलीकडे गोव्यात गुन्हा नोंदला असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ. कायदा केंद्राचा असल्यामुळे कलमं सगळीकडे तीच.

अटक अजून झालेली नाही, पण कर्नाटकातल्या एफआयआरमध्ये नाव आलंय आणि माणूस गडहिंग्लजला राहतो, अशा वेळी त्याला आपल्या जिल्ह्यातल्या कोर्टात मर्यादित मुदतीचा अटकपूर्व जामीन मागता येतो. २० नोव्हेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही वाट मान्य केली आहे. तो जामीन फक्त कर्नाटकातल्या कोर्टापर्यंत पोचायला वेळ देतो, त्यापलीकडे काही नाही. शिवाय व्यावसायिक प्रमाणाच्या, म्हणजे कायद्यानं ठरवलेल्या सगळ्यात वरच्या वजनाच्या टप्प्यातल्या, केसमध्ये अटकपूर्व जामीन फार क्वचित मिळतो.

कोणते कागद, कुठून

एफआयआर कर्नाटक पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. संवेदनशील म्हणून अडवली नसेल तर ती २४ तासांत तिथं चढवावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. रिमांड अर्जाची प्रत कोर्टातून वकिलामार्फत काढा. झडतीच्या वेळी जागेवर जो ताबेदार असतो त्याला जप्तीच्या यादीची सहीची प्रत द्यावी लागते. ती घरात कुणाकडे पडून आहे का, ते आधी बघा. अटकेची लेखी कारणं आणि नातेवाइकांना दिलेली सूचना हे कागद अटक झालेल्या माणसाला मिळालेले असतात, म्हणजे बहुधा हिंडलग्याच्या जेलमध्ये त्याच्या पिशवीत. मुलाखतीला जाल तेव्हा आठवणीनं विचारा.

बाकीचे कागद चार्जशीटबरोबर येतात: जप्ती महजर, पीएफ म्हणजे जप्त माल कोर्टाला कळवल्याचा फॉर्म, मॅजिस्ट्रेटसमोर नमुने काढल्याचा कागद, प्रयोगशाळेचा अहवाल, फोनचे सीडीआर म्हणजे कॉलच्या नोंदी, साक्षीदारांचे जबाब, आणि कर्नाटकातल्या प्रत्येक चार्जशीटमध्ये हमखास सापडणारी ‘स्वइच्छा हेळिके’, म्हणजे आरोपीनं स्वखुशीनं दिला असं म्हटलेला जबाब.

पैसे परवडत नसतील तर कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा किंवा १५१०० वर फोन करा. कोर्टाच्या आवारात ‘साहेब ओळखीचे आहेत, सेटिंग करून देतो’ म्हणणारा भेटतोच. त्याला चहाही पाजू नका.

कागद कन्नडमध्ये आहेत: कुठे हरकत चालते, कुठे नाही

इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात आणि बहुतेक लोक त्या एकत्र करतात.

चार्जशीट कन्नडमध्ये आहे म्हणून बेल मिळत नाही. आरोपीला समजत नसलेल्या भाषेत चार्जशीट दाखल झालं तरी ते मुदतीत दाखल झालं असंच धरलं जातं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं आहे. भाषांतर मागता येतं, पण ते सुरुवातीलाच मागायचं. वकिलाला भाषा येत असेल तर कोर्ट ते नाकारूही शकतं.

अटकेच्या कारणांचं मात्र तसं नाही. कुणालाही अटक करताना कारणं सांगणं हे राज्यघटनेच्या कलम २२(१) खालचं बंधन आहे. ६ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कोणत्याही कायद्याखालच्या अटकेत ही कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. त्या क्षणी लेखी देणं शक्यच नसेल तर आधी तोंडी सांगायची, आणि रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याच्या निदान दोन तास आधी लेखी प्रत हातात द्यायची. त्यानंतरच्या अटकांमध्ये खानापूरच्या ज्या माणसाची शाळा मराठीत झाली आणि ज्याला कन्नड वाचता येत नाही, त्याच्याकडून कन्नड कागदावर सही घेतली असेल तर हा मुद्दा खरा आहे. पण तो शाबीत करायला काहीतरी हातात लागतं: शाळेचा दाखला, सहीची लिपी, पहिल्या रिमांडच्या वेळी वकिलानं नोंदवलेली हरकत. सहा महिन्यांनी पहिल्यांदा आठवलेली हरकत लंगडी पडते. शिवाय बेळगाव शहरात पंचवीस वर्षं धंदा करणारा माणूस ‘मला कन्नड येत नाही’ म्हणाला तर न्यायाधीश चष्म्यावरून बघतात, हेही धरून चला.

घटना वाचण्याआधी घड्याळ वाचा

नवा माणूस महजर वाचताना गोष्ट वाचत जातो: खबर मिळाली, आम्ही गेलो, वास आला, आत पिंपं दिसली. ती गोष्ट पोलिसांनीच लिहिलेली असल्यामुळे सुसंगतच असणार. तुम्ही एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त तारखा आणि वेळा उतरवा. खबर किती वाजता, डायरीत नोंद किती वाजता, वरिष्ठांना कधी कळवलं, ठाण्यातून किती वाजता निघाले, महजर किती ते किती, एफआयआर किती वाजता, पीएफ कोर्टात कधी पोचला, नमुने कधी काढले, प्रयोगशाळेत कधी पोचले. प्रत्येक वेळेपुढे ती कोणत्या पानावरून घेतली तेही लिहा.

आता एक उदाहरण घेऊ, पूर्ण कल्पित. खानापूर तालुक्यात काजूच्या बागेला लागून पत्र्याची शेड. डिसेंबरातल्या संध्याकाळी साडेसातला छापा. डिसेंबरात बेळगावात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे झडती सूर्यास्तानंतरची. शेड ही बंदिस्त जागा, म्हणून कलम ४२ लागतं. मिळालेली खबर लिहून काढायची, ७२ तासांत तिची प्रत वरिष्ठांना पाठवायची, आणि वॉरंट नसताना रात्री आत शिरायचं तर वॉरंट आणेपर्यंत पुरावा नाहीसा होईल असं का वाटलं, ते आधी लिहून ठेवायचं. तुमच्या तक्त्यात या तीन नोंदी आहेत का? खबरीची नोंद सातची आणि ठाण्यातून निघाले साडेसहाला, असं दिसलं तर ते पान दुमडून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २००९ मध्ये सांगितलंय की कलम ४२ चं पालन मुळीच नसेल तर चालणार नाही. उशिरा झालं आणि त्याचं समाधानकारक कारण दिलं तर चालेल. हाच माल महामार्गावर एसटीसारख्या सार्वजनिक गाडीत सापडला असता तर सार्वजनिक जागा म्हणून कलम ४३ आलं असतं आणि लेखी खबरीचा हट्ट एवढा चालला नसता.

कलम ५० बद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं: झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घेण्याचा हक्क. तो अंगझडतीपुरता आहे. पिशवी, पिंप, शेड यांना तो लागू नाही. कारखान्याच्या केसमध्ये माल खिशात नसतोच, त्यामुळे या कलमावर अर्जाची चार पानं खर्च करणं म्हणजे वेळ घालवणं.

१ जुलै २०२४ पासून बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं आणि ते लवकरात लवकर मॅजिस्ट्रेटकडे पाठवावं लागतं. ही फीत मागा, आणि बघताना आरोपीच्या चेहऱ्यापेक्षा वजनकाटा बघा. काट्यावरचा आकडा दिसतो का? पिशवीसकट ठेवली की मोकळी? सील लावताना कॅमेरा चालू होता की फीत मध्येच तुटते? महजरात ‘पंचांसमक्ष सील केले’ अशी एक ओळ असते. त्या ओळीमागे लाख, मोहर, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आणि प्रत्येक पाकिटाचा क्रमांक असायला हवा. तोच क्रमांक पीएफवर, तोच नमुन्याच्या कागदावर आणि तोच प्रयोगशाळेच्या अहवालात आला पाहिजे. महजरात ‘ए-३’ म्हणजे काळ्या झाकणाचा डबा आणि अहवालात ‘ए-३’ म्हणजे पांढरी पुडी निघाली, तर तिथं खरा प्रश्न उभा राहतो.

वजन: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

प्रमाणाचे तीन टप्पे आहेत: अल्प, व्यावसायिक, आणि यांच्या मधलं. ऑक्टोबर २००१ च्या केंद्राच्या अधिसूचनेत आणि तिच्या पुढच्या दुरुस्त्यांत पदार्थवार आकडे आहेत. गांजा १ किलोपर्यंत अल्प आणि व्यावसायिक २० किलोचा. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉइन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. मेथअँफेटामिन २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. मेफेड्रोन, ज्याला आपल्याकडे पेपरवाले ‘एमडी’ म्हणतात, तेही २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. एमडीएमए हा वेगळाच पदार्थ. त्याचं व्यावसायिक प्रमाण फक्त १० ग्रॅम. एफआयआरमध्ये या दोघांची गल्लत झालेली असेल तर अहवाल येईपर्यंत आपण कोणत्या टप्प्यात आहोत हेच ठरत नाही.

निर्मितीच्या केसमध्ये वजनाचा घोळ साध्या विक्रीच्या केसपेक्षा मोठा असतो, कारण तिथं तयार माल थोडा आणि अर्धवट माल, कच्चा माल, भांडी, पिंपं असंच जास्त. आपल्या कल्पित शेडमध्ये समजा ३२ ग्रॅम पांढरी भुकटी, १४ लिटर तपकिरी द्रव असलेलं काचेचं भांडं, दोन पिंपं रसायन, हिटर आणि पंप सापडले. महजरात एकच वाक्य: ‘अंदाजे १६ किलो अमली पदार्थ व साहित्य.’

हे वाक्य फोडायचं. भुकटी ३२ ग्रॅम आहे. ती मेफेड्रोन निघाली तरी ५० च्या आत, म्हणजे मधलं प्रमाण. मग सगळं त्या तपकिरी द्रवावर येऊन ठेपतं. अहवालात त्या द्रवात मेफेड्रोन सापडल्याचं लिहिलं असेल तर सरकारी वकील २२ एप्रिल २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतात: मिश्रणात शुद्ध अंश किती ते बघायचं नाही, मिसळलेल्या निष्क्रिय पदार्थासह सगळं वजन धरायचं. तसं धरलं तर केस एका फटक्यात व्यावसायिक प्रमाणात जाते. बचावाचं म्हणणं असं मांडता येतं की अर्धवट प्रक्रियेतलं, टाकून द्यायचं द्रावण हे विक्रीचं मिश्रण नव्हे. पण हा युक्तिवाद आहे, ठरलेला कायदा नाही, आणि अहवाल विरोधात असेल तर फक्त त्याच्या भरवशावर बसू नका. द्रवात काहीच सापडलं नाही, किंवा द्रवाचा नमुनाच पाठवला नाही, तर मात्र १६ किलो या आकड्याला आधार उरत नाही.

पिंपांतलं रसायन ही तिसरी गोष्ट. एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन, असेटिक अनहायड्राइड अशी काही रसायनं कलम ९अ खाली ‘नियंत्रित पदार्थ’ आहेत आणि त्यांच्यासाठी २०१३ चा वेगळा नियंत्रण आदेश आहे. ती बेकायदा बाळगली तर कलम २५अ लागतं, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. पण बेलच्या कडक अटी घालणारं कलम ३७ ज्या गुन्ह्यांची यादी देतं, म्हणजे कलम १९, २४, २७अ आणि व्यावसायिक प्रमाणाचे गुन्हे, त्यात २५अ नाही. म्हणून सापडलं ते फक्त नियंत्रित रसायन असेल तर बेलचा अर्ज साध्या निकषांवर लढता येतो. यादीत नसलेलं साधं औद्योगिक रसायन असेल तर ते बाळगणं हा या कायद्याखाली गुन्हाच नाही. बेळगावजवळच्या उद्यमबाग किंवा मच्छेच्या कुठल्याही कारखान्यात अशी पिंपं दिसतील. मात्र कलम ५४ कडे काणाडोळा नको. खास निर्मितीसाठी जुळवलेली भांडी किंवा प्रक्रिया झालेला माल ज्याच्या ताब्यात सापडतो आणि ज्याला त्याचा समाधानकारक खुलासा देता येत नाही, त्याच्याविरुद्ध कायदा गृहीतक धरतो.

छाप्याच्या जागी पोलीस किटवर रंग बघतात. रंग बदलला म्हणजे संशय, इतकंच. पक्कं काय ते प्रयोगशाळा सांगते. २०२२ च्या नियमांप्रमाणे नमुने मॅजिस्ट्रेटसमोर, दोन संचांत काढायचे असतात आणि प्रयोगशाळेनं नमुना पोचल्यापासून १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. सखोल पृथक्करणाला वेळ लागणार असेल तर निदान पदार्थ कोणता ते तरी मुदतीत कळवायचं. अहवाल उघडल्यावर निष्कर्षाआधी पहिला परिच्छेद वाचा: पाकिटं किती आली, सील शाबूत होतं का, पाठवलेल्या नमुना मोहरेशी जुळलं का, पोचलेलं वजन किती. काढलेला नमुना ५ ग्रॅमचा आणि पोचलेला ३.८ ग्रॅमचा असेल तर त्याचं उत्तर तपास अधिकाऱ्यानं द्यायचं आहे.

माणूस: शेड कुणाची, किल्ली कुणाकडे

शेडचा मालक, रोजावरचे दोन कामगार, आणि कुणाच्या तरी जबाबात नाव आलेला टेम्पोवाला. चौघांवर कलमं तीच लागतात, पण प्रत्येकाचे कागद वेगळे वाचायचे.

मालकावर कलम २५ येतं: जागा अशा कामासाठी वापरू देणं. त्यात ‘माहीत असताना’ हा शब्द सगळ्यात वजनदार आहे. भाडेकरार आहे का, त्यावरची तारीख छाप्याच्या आधीची आहे का, भाडं बँकेत आलं की रोख, हेस्कॉमचं विजेचं बिल कुणाच्या नावावर आणि कोण भरत होतं, मालक राहतो कुठे. भाडं गावच्या दराच्या चौपट असेल तर सरकारी वकील तेच धरून बसतील. किल्ली मालकाच्या घरातून जप्त झाली असेल तर तो मुद्दा टाळता येत नाही; अर्जातच सरळ उत्तर द्या. आमच्याकडे पै-पाहुण्यांच्या भरवशावर तोंडी भाड्यानं शेड द्यायची पद्धत आहे. ती नंतर अशी महागात पडते.

कामगारांच्या बाबतीत हजेरी, मजुरी, कधीपासून कामाला आणि नेमकं काम काय, हे बघा. पिंपं उतरवणं आणि भांड्यावर उभं राहून काम करणं यात फरक आहे. पण कलम ३५ खाली कोर्ट गुन्हेगारी हेतू गृहीत धरतं, त्यामुळे ‘मला माहीत नव्हतं’ एवढं एक वाक्य पुरत नाही.

टेम्पोवाल्याची केस सहसा सगळ्यात मोकळी असते. त्याच्याविरुद्ध सहआरोपीची स्वइच्छा हेळिके आणि सीडीआर सोडून काही नाही, असं पुष्कळदा दिसतं. पोलिसांसमोरच्या कबुलीतला पुरावा म्हणून चालतो तो फक्त ज्यामुळे नवी वस्तू सापडली तेवढाच भाग. २९ ऑक्टोबर २०२० च्या निकालानं कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्यानं घेतलेल्या जबाबांनाही कबुली म्हणून वापरायला मनाई केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये एनसीबी या केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेच्या बेंगळुरू विभागाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तोच धागा बेलच्या टप्प्यावरही धरला. म्हणून ‘याच्या नावावर सापडलं काय?’ हा प्रश्न अर्जाच्या पहिल्या पानावर हवा. यूपीआयनं वारंवार पैसे आलेले असतील, फोनमध्ये मालाचे फोटो असतील तर मात्र गोष्ट बदलते. टॉवर लोकेशनबद्दल एक सांगून ठेवतो: सीमेवरच्या गावात फोन कधी अलीकडच्या, कधी पलीकडच्या टॉवरला लागतो. टॉवर म्हणजे परिसर. शेडचा उंबरठा नव्हे.

कलम ३७ च्या दारात कोणती चूक चालते

व्यावसायिक प्रमाण असेल तर सरकारी वकिलाला विरोधाची संधी दिल्याशिवाय बेल होत नाही. त्यांनी विरोध केला की कोर्टाचं दोन गोष्टींबद्दल समाधान व्हावं लागतं: हा माणूस दोषी नाही असं मानायला वाजवी कारणं आहेत, आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही. ‘वाजवी कारणं’ म्हणजे वरवरच्या शंकेपेक्षा जास्त काहीतरी.

इथंच नव्या लोकांची फसगत होते. तक्त्यात दहा चुका सापडतात आणि दहाही अर्जात घातल्या जातात. कलम ५२अ खाली मॅजिस्ट्रेटसमोर नमुने काढायला उशीर झाला, हा मुद्दा २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर काही वर्षं फार चालला. २० डिसेंबर २०२४ ला त्याच न्यायालयानं सांगितलं की ५२अ मधली त्रुटी किंवा उशीर एवढ्यावरच बेल मिळणार नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा तसंच म्हटलं. कलम ५७ खाली वरिष्ठांना ४८ तासांत द्यायचा अटक-जप्तीचा अहवाल उशिरा गेला, पंच पोलिसांच्या ओळखीचे होते, हे खटल्यात उलटतपासणीला ठेवायचे मुद्दे. ते आत्ताच उघड केले तर तपास अधिकारी साक्षीला उभा राहीपर्यंत उत्तर तयार करून येतो.

माझ्या मते अर्जात तीनच गोष्टी ठळक असाव्यात: वजन व्यावसायिक टप्प्यात बसत नाही किंवा ते ठरवणारा कागद नाही, मालाचा आणि या माणसाचा दुवा फक्त जबाबात आहे, किंवा अटकेची कारणं नीट दिलेली नाहीत. यातली एकही लागू नसेल तर घाई करू नका. गुणदोषांवर अर्ज फेटाळला गेला की त्या आदेशातली वाक्यं धारवाडला पुढे ठेवली जातात. सुनावणीत हवा विरुद्ध दिसली तर अर्ज मागे घेऊन चार्जशीटनंतर नव्यानं येण्याची मुभा मागणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं.

खटला रखडला तर दुसरी वाट आहे. २८ मार्च २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की खटल्याला अवाजवी उशीर झाला तर कलम ३७ असतानाही बेल देता येते. त्यासाठी तारीखवार तक्ता ठेवा: कोणत्या तारखेला काय झालं, साक्षीदार किती बाकी, तहकुबी कुणी मागितली. तुमच्याच वकिलानं निम्म्या वेळा मागितली असेल तर मुद्दा गेला. बीएनएसएसच्या कलम ४७९ खाली पहिलाच गुन्हा असलेल्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत गेल्यावर सुटका मागता येते. त्याच्यावर आणखी केसेस चालू असतील तर ती सवलत नाही.

१८० दिवसांचं गणित

व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात चार्जशीटला १८० दिवस मिळतात, बाकीच्यांत शिक्षेप्रमाणे ६० किंवा ९०. मोजणी पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून. अटकेच्या तारखेपासून नव्हे. मुदत संपली आणि चार्जशीट आलं नाही तर बेल हा हक्क होतो, पण तो मागावा लागतो. अर्ज द्यायच्या आधी चार्जशीट दाखल झालं तर हक्क गेला. म्हणून कॅलेंडरवर १८१ वा दिवस लाल करा आणि त्या दिवशी कोर्ट उघडताच वकील तिथं हजर हवा.

कलम ३६अ(४) खाली ही मुदत एक वर्षापर्यंत वाढवता येते. त्यासाठी सरकारी वकिलाचा स्वतःचा अहवाल लागतो, त्यात तपास कुठवर आला आणि कोठडी का हवी याची ठोस कारणं लागतात. तपास अधिकाऱ्याचं पत्र पुढे सरकवणं पुरत नाही. विनंतीचा विचार होताना आरोपी समोर किंवा व्हिडिओवर हजर असायला हवा, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. अशी मुदतवाढ कधी झाली ते घरच्यांना कळतच नाही. साधारण १५० व्या दिवसापासून ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर रोज नजर ठेवा.

प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय आलेलं चार्जशीट अपुरं म्हणून अशी बेल मिळते का, यावर उच्च न्यायालयांचे निकाल एका वळणाचे नाहीत. मुद्दा जरूर घ्या, पण त्याच्या जोरावर घरच्यांना तारीख सांगू नका.

बेल झाल्यावर: जामीनदार आणि अटी

आदेश हातात आला तरी जेलचं दार उघडायला जामीनदार लागतो. जमिनीचा ताजा उतारा, कर भरल्याची पावती, आधार आणि फोटो तयार ठेवा. सीमाभागात भाऊ चंदगडचा, मेहुणा गडहिंग्लजचा, आणि कार्यालयातून ऐकू येतं, ‘लोकल शूरिटी आणा.’ जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारणं चूक आहे, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्येच सांगून ठेवलंय. तो निकाल वकिलाला दाखवायला सांगा. महाराष्ट्राचा सात-बारा पडताळायला वेळ लागतो, म्हणून त्याच्यावर तलाठ्याचा सही-शिक्का आणि तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आधीच घेऊन ठेवा. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं, असे सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत.

अटी वाचताना ‘जिल्ह्याबाहेर जाऊ नये’ ही ओळ शोधा. बेळगावात राहून रोज शिनोळीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याला ती अट पोटावर पाय देणारी आहे, आणि नकळत मोडली गेली तर बेल रद्द करण्याचा अर्ज येतो. त्याच दिवशी वकिलाकडून नोकरीच्या पत्रासह अट बदलण्याचा अर्ज द्या: कामाच्या दिवशी अमुक रस्त्यानं, अमुक वेळेत जाण्याची परवानगी. फोनवरचं लोकेशन तपास अधिकाऱ्याला सतत दिसत राहावं अशी अट असेल तर ८ जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तिच्या विरोधात आहे. ठाण्यात हजेरीची अट असेल तर प्रत्येक वेळी रजिस्टरवरच्या सहीचा तारखेसह पुरावा मागा. ठाणेदार बदलतात आणि जुनं रजिस्टर ऐन वेळी मिळत नाही.